कै. बाळू पालवणकर

ज्यांच्या नामस्मरणाने आपल्या चर्मकार समाजाची मान ताठ होते, अशा पुरुषांत कै. बाळू पालवणकर यांची गणना अग्रभागी केली पाहिजे. १८७६ साली धारवाड येथे त्यांचा जन्म झाला. घराणे मूळचे कोकणातले. पुण्यास पारशी खेळाडूंच्या क्लबात दरमहा तीन रुपयांवर खेळपट्टी झाडणे व रूळ फिरविणे, ही त्यांची पहिली चाकरी. पुढे गोऱ्यांच्या क्लबात चार रुपये मिळू लागले. तेथे साहेब लोकांच्या सरावासाठी तासन् तास गोलंदाजी करून त्यांचा डावा हात तयार झाला; बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही.

पुण्याच्या हिंदू संघास गोऱ्यांचा पराभव करावयाचा होता, म्हणून बाळूंना संघात घेणे भाग पडले. मैदानावर एकच चेंडू सर्वांच्या हातांतून फिरे. परंतु चहाच्या वेळी त्यांना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे व जेवणाचे पान वेगळे मांडले जाई. विटाळ चेंडूला होत नव्हता, माणसाला होत होता!

तथापि पराक्रम झाकून राहत नाही. मुंबईत १९०६ साली हिंदूंनी गोऱ्यांना १०९ धावांनी नमविले, त्या संघात बाळू व त्यांचे बंधू शिवराम होते. १९११ च्या विलायतेच्या दौऱ्यात बाळूंनी शंभरावर बळी घेतले. एवढे करूनही कर्णधारपद त्यांना लाभले नाही. १९२० साली त्यांना वगळले, तेव्हा शिवराम व विठ्ठल या बंधूंनी संघातून अंग काढून घेतले. अखेर १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि चौरंगी सामन्यांचे अजिंक्यपद संघाने मिळविले. १९३७ च्या निवडणुकीत बाळू डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले. त्या मतभेदाने दोघांपैकी कोणाचेही मोठेपण उणावत नाही. १९५५ साली ते निवर्तले.

शिक्षकी पेशात आम्ही एका शाळेत पाहिले आहे, की कबड्डीत ज्या मुलाची पकड घट्ट, त्याला दोन्ही बाजूंकडून मागणी असे. डबा खाताना मात्र तोच मुलगा एकटा बसे. खेळ दार उघडतो, परंतु उंबरठा ओलांडू देणे हे माणसांच्या हाती असते. म्हणून यवतमाळच्या समाजबांधवांस आमची विनंती, की आपल्या मुलामुलींना मैदानावर अवश्य धाडावे आणि खेळ संपल्यावर सर्वांचे पान एकाच पंगतीत मांडले जाते की नाही, हेही पाहावे.