जेनी लिंड : श्वास घ्यायला शिकलेली गायिका



पवित्र आठवड्याच्या उपासना संपल्या की आपल्या गायकवृंदातील निम्म्या जणांचा घसा बसलेला असतो. मग मध, आल्याचा रस, हळदीचे दूध सुरू होते. अशा वेळी आम्हांला जेनी लिंड या स्वीडिश गायिकेची आठवण होते. ती लुथेरन पंथाची होती, कॅथलिक नव्हे. पण तिची कथा गाणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी अशी आहे.

जेनीचा जन्म ६ ऑक्टोबर १८२० रोजी स्टॉकहोम येथे झाला. घरची परिस्थिती बेताची. नऊ वर्षांची असताना ती खिडकीत बसून आपल्या मांजरीला गाणी ऐकवत असे. एका नर्तकीच्या मोलकरणीने ते ऐकले, मालकिणीला सांगितले आणि त्यातून जेनीला राजनाट्यगृहाच्या शाळेत प्रवेश मिळाला. १८३८ साली, वयाच्या १७ व्या वर्षी, तिने ऑपेरात प्रमुख भूमिका गायिली आणि शहराने तिला डोक्यावर घेतले.

ऑपेरा म्हणजे ध्वनिक्षेपकाशिवाय, भल्यामोठ्या वाद्यवृंदाच्या वर आवाज नेऊन, सबंध नाटक गाणे. नुसत्या घशाच्या बळावर हे फार काळ चालत नाही. श्वास खोल घ्यावा लागतो. फासळ्या लगेच मिटू न देता, पोटाच्या स्नायूंच्या आधाराने हवा थोडी थोडी सोडावी लागते आणि गळा मोकळा ठेवावा लागतो. हा आधार सुटला की माणूस गळा आवळून जोर करतो. जेनीचे नेमके तेच झाले. देवाची देणगी मोठी. तिच्या भरवशावर ती तीन वर्षे गात राहिली. प्रयोगामागून प्रयोग, शिवाय पॅरिसला शिकायला जाण्यासाठी पैसे हवेत म्हणून गावोगावी मैफली. १८४१ साली ती पॅरिसला पोचली तेव्हा आवाज पार थकला होता.

तेथे मान्वेल गार्सिया या विख्यात गुरूंपुढे ती गायला उभी राहिली आणि मध्येच आवाज फुटला. गार्सियांनी सांगितले, सहा आठवडे गाणे बंद. बोलणेही होईल तितके कमी.

आम्हांला तिच्या आयुष्यातील हेच दिवस सर्वांत कठीण वाटतात. मायदेशी नावाजलेली २० वर्षांची मुलगी, परके शहर, आवाज परतेल याची खात्री नाही, आणि करायचे काय, तर गप्प बसायचे! तत्त्वज्ञान शिकताना आम्ही मौनावर बरेच वाचले; असे मौन त्या पुस्तकांत नव्हते.

सहा आठवड्यांनी गार्सियांनी तिला शिष्या म्हणून घेतले. आठवड्यातून दोन धडे. नवशिक्यासारखे स्वर वर-खाली, अगदी सावकाश. तिचा श्वास मुळात तोकडा होता. तो कोठे आणि कसा भरून घ्यायचा हे ती इतके बारकाईने शिकली की पुढे ऐकणाऱ्याला तिने श्वास कधी घेतला ते कळत नसे. १८४२ साली ती स्टॉकहोमला 'नॉर्मा' गायिली. मग बर्लिन, व्हिएन्ना, लंडन.

१८४९ साली, ऐन भरात, तिने ऑपेरा सोडला. १८५० ते १८५२ या काळात अमेरिकेत मैफली केल्या व त्या कमाईतील फार मोठा भाग धर्मादाय कामांना, विशेषतः स्वीडनमधील गरीब मुलांच्या शाळांना दिला. १८८३ साली लंडनचे रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक सुरू झाले, तेव्हा ती तेथे गायन शिकवू लागली. २ नोव्हेंबर १८८७ रोजी इंग्लंडमध्ये तिचे निधन झाले. तिला गप्प बसवणारे गार्सिया तेव्हा ८२ वर्षांचे होते. ते १९०६ पर्यंत, १०१ वर्षे जगले.