स्नायूंचा हिशेब मांडणारा धावपटू

पोलीस भरतीचे दिवस जवळ आले, की आमच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत तरुण मुलांची वर्दळ वाढते. कुणाची पोटरी धरलेली असते, कुणाची कंबर. भरतीत १०० मीटर धावावे लागते, म्हणून पहाटे मैदानावर सराव आणि संध्याकाळी जिममध्ये वजने, असा त्यांचा दिनक्रम असतो. तपासून झाले की बरेच जण एकच प्रश्न विचारतात : जड वजन उचलल्याने वेग वाढतो, की अंग जड होऊन उलट कमी होतो? या प्रश्नाचे मूळ उत्तर एका इंग्रज शास्त्रज्ञाने शोधले. तेही एकदा चुकून, मग ती चूक मान्य करून. त्यांचे नाव आर्चिबाल्ड व्हिव्हियन हिल.

हिल यांचा जन्म २६ सप्टेंबर १८८६ रोजी ब्रिस्टल येथे झाला. ते लहान असतानाच वडील घर सोडून गेले आणि आईने दोन मुलांना एकटीने वाढवले. शिष्यवृत्तीच्या बळावर हिल केंब्रिजला पोहोचले, तेही गणित शिकायला. ट्रायपॉस परीक्षेत ते तिसरे आले. पण कोरड्या आकड्यांत त्यांचे मन रमेना. वॉल्टर फ्लेचर या शिक्षकांच्या सल्ल्याने ते शरीरक्रियाशास्त्राकडे वळले. त्यांना स्वतःला धावण्याची आवड होती. स्नायू काम करतो म्हणजे नेमके काय करतो, हे कोडे त्यांना आयुष्यभर पुरले.

सुरुवात बेडकाच्या स्नायूपासून झाली. स्नायू आकुंचन पावला की अगदी थोडी उष्णता बाहेर पडते. अंशाच्या काही हजाराव्या भागाइतकी ही तापमानवाढ मोजण्याची साधने हिल यांनी तयार केली आणि स्नायूचा जमाखर्च मांडायला घेतला. केवळ आकुंचनाच्या वेळीच नव्हे, तर काम संपल्यानंतरही स्नायू बराच वेळ उष्णता सोडत राहतो आणि या दुसऱ्या टप्प्यासाठी ऑक्सिजन लागतो, हे त्यांनी दाखवले. या कामाबद्दल १९२२ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना जर्मनीच्या ओटो मायरहॉफ यांच्यासोबत मिळाले.

मग त्यांनी बेडकावरून माणसाकडे मोर्चा वळवला, आणि प्रयोगाचा पहिला प्राणी स्वतःलाच केले. मँचेस्टरला असताना, पस्तिशी गाठलेले हे प्राध्यापक पाठीवर श्वास साठवण्याची पिशवी बांधून हिरवळीवर फेऱ्या मारत. त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. एक, वेग वाढवत नेला तरी शरीराच्या ऑक्सिजन घेण्याला एक कमाल मर्यादा असते. आज मनगटावरची घड्याळे ‘व्हीओटू मॅक्स’ म्हणून जो आकडा दाखवतात, त्याची मुळे इथे आहेत. दुसरी, जोरात धावताना शरीर उधारीवर चालते आणि ती उधारी धाप लागून नंतर फेडावी लागते. १०० मीटरची धाव तर बहुतांशी उधारीवरच होते. म्हणजे तिथे वेगाला अडवणारी गोष्ट फुप्फुसांत नसून आणखी कुठेतरी असली पाहिजे.

ती शोधण्यासाठी १९२७ मध्ये हिल अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गेले. तेव्हा आजच्यासारखे कॅमेरे किंवा रडार नव्हते. त्यांनी धावपट्टीच्या कडेला ठरावीक अंतरांवर तारांची वेटोळी लावली आणि धावपटूंच्या अंगावर चुंबकित पोलादाची पट्टी बांधली. धावपटू वेटोळ्यासमोरून गेला की तारेत वीज उमटायची आणि वेळ नोंदली जायची. या नोंदींतून वेगाचा आलेख मिळाला : आधी झपाट्याने चढणारा, मग हळूहळू सपाट होणारा. तो इतका नेमका होता, की आजही प्रशिक्षक थोड्याफार फरकाने तेच समीकरण वापरतात.

आलेख बरोबर होता, पण त्याचा अर्थ लावताना हिल चुकले. त्यांना वाटले, स्नायू आतून काकवीसारखा चिकट असतो. जितक्या वेगाने आकसावे तितका आतला अडथळा वाढतो आणि म्हणून वेगाला मर्यादा पडते. वॉलेस फेन हे अमेरिकन शास्त्रज्ञ पूर्वी हिल यांच्याच प्रयोगशाळेत काम करून गेले होते. त्यांनी धावपटूंचे चित्रीकरण करून हातापायांच्या हालचालींत किती शक्ती खर्च होते ते काढले, स्नायूंवरही प्रयोग केले, आणि चिकटपणाने हा हिशेब जुळत नाही असे दाखवून दिले. त्याच सुमारास स्नायूच्या आकुंचनाचे मूळ इंधन लॅक्टिक आम्लाशी जोडणारी जुनी कल्पनाही कोसळली. नोबेल मिळवलेल्या माणसाला हे पचवणे सोपे नसते. हिल यांनी ते पचवले आणि पुन्हा बेडकाच्या स्नायूकडे परतले.

१९३८ मध्ये त्यांनी आपला सर्वांत गाजलेला निबंध प्रसिद्ध केला. चिकटपणाची कल्पना त्यांनी त्यात सोडून दिली होती. तिच्या जागी बल आणि वेग यांचे एक साधे समीकरण आले. हलके ओझे असेल तर स्नायू झटकन आकसतो, ओझे वाढले की वेग घटतो, आणि एका वजनाला तो जागचा हलत नाही. हे घटणे सरळ रेषेत नसून वक्र असते. त्यामागचे कारण पुढे इतर शास्त्रज्ञांनी उलगडले. स्नायूतले प्रथिनांचे असंख्य सूक्ष्म हात दोर ओढावा तसे तंतू ओढतात. ओढण्याचा वेग वाढला, की एका वेळी दोर पकडून असलेले हात कमी होतात, म्हणून जोरही कमी पडतो.

बल गुणिले वेग म्हणजे शक्ती. हिल यांच्या वक्रावर ही शक्ती सर्वाधिक कुठे मिळते? कमाल बलाच्या आणि कमाल वेगाच्या साधारण एक तृतीयांशाच्या आसपास. भरतीच्या मुलांच्या प्रश्नाचे उत्तर इथेच दडलेले आहे.

खांद्यावर अति जड वजन घेऊन सावकाश मारलेली बैठक वक्राच्या एका टोकाला असते : बल भरपूर, वेग कमी. कमाल वेगाची धाव दुसऱ्या टोकाला. ऑलिम्पिक वेटलिफ्टिंगमधले स्नॅच आणि क्लीन हे प्रकार मधल्या भागात येतात. बार गुडघ्यांच्या वर आला की घोटा, गुडघा आणि कंबर क्षणार्धात सरळ होतात आणि निष्णात खेळाडूचा बार सेकंदाला जवळजवळ दोन मीटर वेगाने वर जातो. धाव सुरू करताना हेच तीन सांधे त्याच पद्धतीने उघडतात. म्हणून अशा उचलण्याचा फायदा पहिल्या २०-३० मीटरमध्ये अधिक दिसतो.

पूर्ण वेगात मात्र गणित बदलते. पाय जमिनीवर टेकतो तो सेकंदाचा जेमतेम दहावा भाग. स्नायूला आपले कमाल बल उभे करायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. त्यामुळे किती बल आहे यापेक्षा ते किती लवकर लावता येते हे महत्त्वाचे ठरते. ती सवय धावण्यातून आणि उड्यांतूनच लागते, बारमधून नव्हे. शिवाय अंगावर चढलेला प्रत्येक किलो प्रत्येक पावलाला उचलावा लागतो. थोडक्यात, वजन उचलल्याने माणूस मंद होत नाही, पण नुसते वजन उचलून तो वेगवानही होत नाही. आणि स्नॅच हे तंत्र आहे. जाणकार प्रशिक्षकाशिवाय जड वजनावर ते करू पाहणारे बरेचसे तरुण शेवटी कंबर धरून माझ्यासमोर येतात.

हिल यांचे आयुष्य प्रयोगशाळेपुरते नव्हते. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये, हाकलल्या गेलेल्या विद्वानांना आसरा देणाऱ्या संस्थेच्या उभारणीत ते आघाडीवर होते. जर्मनी सोडून त्यांच्याकडे आलेले तरुण बर्नार्ड कॅट्झ पुढे स्वतः नोबेलचे मानकरी झाले. १९४३ च्या अखेरीस हिल भारत सरकारच्या निमंत्रणावरून इथे आले आणि काही महिने देशभर हिंडले. भारताला स्वतःचे उच्च दर्जाचे वैद्यकीय शिक्षण आणि संशोधन केंद्र हवे, हा आग्रह त्यांनी आपल्या अहवालात धरला. नाशिकमध्ये जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या आरोग्य समितीनेही १९४६ मध्ये हीच शिफारस केली. १९५६ साली दिल्लीत ‘एम्स’ उभे राहिले, त्यामागे हा धागा आहे. ३ जून १९७७ रोजी केंब्रिज येथे, वयाच्या नव्वदाव्या वर्षी हिल यांचे निधन झाले.

त्यांचा वक्र केवळ धावपटूंसाठी नाही. वय वाढते तसे स्नायूंचे बल घटते, पण शक्ती त्याहून लवकर आणि अधिक घटते, कारण झटपट आकसणारे तंतू आधी झिजतात. म्हणून पाय घसरल्यावर सावरायला जोर असतो, पण तो वेळेवर पोहोचत नाही, आणि खुब्याचे हाड मोडते. साठीनंतर चालण्याच्या जोडीला हातांचा आधार न घेता खुर्चीतून चपळाईने उठणे आणि सावकाश बसणे, असे आठ-दहा वेळा रोज करावे. हृदयविकार, गुडघ्याचे दुखणे किंवा चक्कर येण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. सुरुवातीला शेजारी टेबल असू द्यावे.

ओपीडीतल्या मुलांना मी हेच सांगतो : आठवड्यातून दोनदा वजने, ती नीट शिकून, आणि बाकीचे दिवस धावपट्टी. आणि वेळ नोंदवत जा. नोंद आपल्या समजुतीच्या विरोधात गेली, तर समजूत बदला. हिल यांनी तेच केले होते.