समजून घ्या : संघाचा हुकमी गोलंदाज, तरी कर्णधारपद का नाही? बाळू पालवणकर यांची गोष्ट

संघाचा कर्णधार कोण असावा, यावरून आपल्याकडे घराघरांत वाद होतात. आयपीएलच्या २०२४ च्या हंगामात मुंबई इंडियन्सने रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्याला कर्णधार केले आणि संघ गुणतक्त्यात तळाला राहिला. त्या निर्णयावर मुंबईइतकीच चर्चा जालन्यातही रंगली. जालनेकरांना तसाही कर्णधारपदाचा अभिमान आहेच. २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताचे नेतृत्व जालन्याच्या विजय झोलने केले होते.

आज कर्णधाराची निवड चुकली की चाहते फॉर्म, अनुभव आणि डावपेच यांवर बोट ठेवतात. शंभर वर्षांपूर्वी मात्र या तिन्ही कसोट्यांवर पुढे असलेल्या एका खेळाडूला कर्णधारपद नाकारले गेले, कारण त्याची जात आडवी आली. त्यांचे नाव बाळू पालवणकर. जुन्या धावफलकांवर त्यांचे नाव पी. बाळू असे आढळते.

बाळू पालवणकर कोण होते?

भारतीय क्रिकेटमधील पहिला मोठा फिरकी गोलंदाज म्हणून बाळूंचे नाव घेतले जाते. त्यांचा जन्म १८७० च्या दशकात धारवाडला, तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजात झाला. घराण्याचे मूळ गाव कोकणातील पालवण, त्यावरून आडनाव पालवणकर. वडील लष्करात नोकरीला असल्याने कुटुंब पुण्यात आले. इंग्रज अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट आणि चेंडूंवर बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळू लागले.

पुढे शिवराम, विठ्ठल आणि गणपत हे तिघे भाऊही हिंदू संघाकडून खेळले. एकाच घरातील चार भाऊ वरच्या पातळीवर खेळण्याचे असे उदाहरण भारतीय क्रिकेटमध्ये विरळाच.

गोलंदाजी ते कुठे शिकले?

नोकरीच्या जागी. पुण्यातील पारशांच्या एका क्लबमध्ये मैदान झाडणे आणि खेळपट्टीवर रोलर फिरवणे हे त्यांचे काम होते. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या क्लबमध्ये ४ रुपयांवर गेले. तिथे जाळी लावणे, रेषा आखणे आणि साहेब मंडळींना सरावासाठी चेंडू टाकणे ही कामे होती.

त्या काळातील नावाजलेला इंग्रज फलंदाज जे. जी. ग्रेग सरावाला लवकर येत असे आणि तासन्‌तास बाळूंची गोलंदाजी खेळत असे. आपल्याला बाद केले की तो बाळूंना दर वेळी आठ आणे देई, असे सांगितले जाते. या रोजच्या मेहनतीतून बाळूंची डावखुरी फिरकी तयार झाली. त्याच क्लबमध्ये त्यांना फलंदाजी करायला मात्र कधी मिळाली नाही. बॅट साहेबांच्या हातात असे आणि चेंडू टाकणे हे नोकराचे काम समजले जाई.

हिंदू संघात प्रवेश कसा मिळाला?

पुण्यातील हिंदू क्लबला युरोपियन संघाला हरवायचे होते आणि त्यासाठी बाळूंसारखा गोलंदाज हवा होता. त्यांना संघात घ्यावे की नाही, यावरून सदस्यांत दोन तट पडले. अखेर जिंकण्याची गरज मोठी ठरली आणि बाळू संघात आले.

मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाची वेळ झाली की चित्र बदले. बाळूंना चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. जेवणाचे पानही वेगळे असे. विकेट मिळू लागल्या तसे कौतुक झाले. साताऱ्यातील गोऱ्यांच्या संघावर मिळवलेल्या विजयानंतर न्यायमूर्ती रानडे यांनीही त्यांचा गौरव केला.

प्लेगच्या काळात, १८९६ च्या सुमारास पालवणकर कुटुंब मुंबईला आले. तिथे बाळूंना रेल्वेत नोकरी मिळाली आणि हिंदू जिमखान्याचे दार उघडले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवले. त्या विजयात बाळूंची गोलंदाजी महत्त्वाची ठरली. तोवर मुंबईच्या जिमखान्यात पालवणकर बंधू इतरांसोबत बसून जेवू लागले होते. पुण्यातील वेगळ्या चहापेक्षा हे पाऊल पुढचे होते. इंडियन सोशल रिफॉर्मर या सुधारणावादी पत्राने या विजयाचा संबंध थेट जातिभेद बाजूला ठेवण्याशी जोडला.

१९११ च्या दौऱ्यात काय घडले?

भारताचा पहिला प्रातिनिधिक संघ १९११ मध्ये इंग्लंडला गेला. कर्णधार होते पतियाळाचे तरुण महाराजा भूपिंदर सिंग. संघात जागा देताना धर्म आणि समाज यांचा समतोल पाहिला गेला होता. महाराजांचा बराच वेळ मेजवान्या आणि भेटीगाठींत गेला. ते मोजकेच सामने खेळले. त्यांचे सचिव आणि संघातील उत्तम फलंदाज केकी मिस्त्री हेही त्यांच्यासोबतच राहिल्याने बहुतेक सामन्यांत उपलब्ध नव्हते.

संघाने २३ सामन्यांपैकी ६ जिंकले, १५ गमावले आणि २ अनिर्णित राहिले. पडत्या हंगामात एकच गोलंदाज सातत्याने उभा राहिला. बाळूंनी सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. त्यातील १४ प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांचे ७५ बळी होते, सरासरी २०.१२. खांदा दुखत असतानाही त्यांनी दौऱ्याचे ओझे वाहिले. लेस्टरशायरविरुद्धच्या विजयात त्यांनी ११ गडी बाद केले. सॉमरसेटविरुद्धच्या विजयात भाऊ शिवराम यांनी शतक झळकावले.

परतल्यावर मुंबईतील दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकर यांनी लिहिले होते, असे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नोंदवले आहे.

मग कर्णधारपद का मिळाले नाही?

त्यासाठी तेव्हाची रचना समजून घ्यावी लागेल. मुंबईतील मोठी स्पर्धा धर्मावर आधारित संघांची होती. १९०७ मध्ये युरोपियन, पारशी आणि हिंदू अशी तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आला आणि ती चौरंगी झाली. प्रत्येक संघ त्या त्या समाजाचा जिमखाना निवडत असे. हिंदू संघाची निवड उच्चवर्णीयांच्या हातात होती.

कर्णधारपद हा तेव्हा डावपेचांचा भाग कमी आणि मानाचा भाग अधिक होता. भारतीय संघाचे नेतृत्व राजे-महाराजांकडे देण्याची पद्धत पुढेही राहिली. १९३२ मध्ये इंग्लंडला गेलेल्या संघाचे कर्णधारपद पोरबंदरच्या महाराजांकडे होते. त्यांनी कसोटीत स्वतः बाजूला होऊन सी. के. नायडू यांना पुढे केले, म्हणून पहिल्या कसोटीला जाणकार कर्णधार मिळाला.

हिंदू संघात मानाचा प्रश्न जातीशी जोडलेला होता. कर्णधार सांगेल तिथे क्षेत्ररक्षकाने उभे राहायचे असते. उच्चवर्णीय खेळाडूंनी दलित खेळाडूचा हुकूम मानायचा, ही कल्पना निवडकर्त्यांना पचत नव्हती. बाळूंची गोलंदाजी त्यांना चालत होती, नेतृत्व चालत नव्हते. वर्षामागून वर्षे बाळूंना डावलले गेले. कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी स्वतःच्याच सत्कारात हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी बाळूंना मिळायला हवा होता, असे जाहीरपणे सांगितले. तरीही निर्णय बदलला नाही.

१९२० मध्ये वाद का पेटला?

त्या वर्षीच्या चौरंगी स्पर्धेत बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. ते तेव्हा पंचेचाळिशीच्या आसपास होते, त्यामुळे वयाचे कारण पुढे करणे शक्य होते. पण पै आजारी असल्याने कर्णधारपद रिकामे झाले, तेव्हा हे कारण टिकले नाही. विठ्ठल हे संघातील आघाडीचे फलंदाज होते आणि शिवराम अनुभवी होते. दोघांनाही डावलून दि. ब. देवधर यांना कर्णधार करण्यात आले. देवधर पुढे महाराष्ट्राचे थोर फलंदाज ठरले. वाद त्यांच्या गुणवत्तेवर नव्हता, निवडीच्या निकषावर होता.

विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि वृत्तपत्रांत निवेदन दिले. आपल्यापेक्षा कनिष्ठ खेळाडूला पुढे करण्यामागे जात हेच कारण आहे आणि हा स्वाभिमानाचा प्रश्न आहे, असा त्याचा आशय होता. त्या काळी खेळाडूने निवड समितीविरुद्ध उघड बोलणे ही साधी गोष्ट नव्हती. जागा कायमची जाण्याचा धोका होता.

चाहत्यांमध्येही दोन बाजू पडल्या. त्याच सुमारास महात्मा गांधी अस्पृश्यतेविरुद्ध बोलत होते, त्यामुळे वाद मैदानापुरता राहिला नाही. पुढच्या सामन्यासाठी बाळूंना परत बोलावून उपकर्णधार करण्यात आले. पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ बाळूंनी संघ सांभाळला. हिंदू संघाचे नेतृत्व त्यांच्या वाट्याला आले ते इतकेच.

शेवटी कर्णधारपद कोणाला मिळाले?

१९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्या वर्षी अंतिम सामन्यात हिंदूंनी युरोपियन संघाला हरवले आणि चाहत्यांनी विठ्ठल यांना खांद्यावर घेतले. १९२५ आणि १९२६ मध्येही त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघ जिंकला. म्हणजे चार हंगामांत तीन विजेतेपदे. पालवणकरांच्या हाताखाली संघ खेळणार नाही ही भीती निकालांनी खोटी ठरवली. बाळू तोपर्यंत निवृत्त झाले होते.

क्रिकेटनंतर बाळूंचे काय झाले?

ते राजकारणात आले. १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर त्यांची भूमिका डॉ. आंबेडकर यांच्यापेक्षा वेगळी होती. पुणे करारावर सही करणाऱ्यांत बाळूही होते. १९३७ च्या मुंबई प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. एकेकाळी ज्यांनी मानपत्र लिहिले, त्यांच्याशीच बाळूंची अशी चुरशीची लढत झाली. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले.

आज हे का समजून घ्यायचे?

बाळूंची प्रथम श्रेणी आकडेवारी आजही बोलकी आहे : ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. त्यातले बरेच सामने उमेदीची वर्षे मागे पडल्यावरचे आहेत. या तक्त्यात दिसत नाही तो संघाचा तोटा. फलंदाजांचे कच्चे दुवे सर्वांत जवळून ओळखणारा माणूस दीड दशक संघात होता, पण क्षेत्ररक्षण कसे लावायचे हे ठरवण्याचा अधिकार त्याला मिळाला नाही. अन्याय एका खेळाडूवर झाला आणि किंमत साऱ्या संघाने मोजली.

दुसरी बाब निर्णय कसा बदलला याची. निवड समितीचे मन आपोआप पालटले नाही. दोन भावांनी मिळालेली जागा सोडली, कारण लेखी सांगितले आणि लोकांनी तो प्रश्न उचलून धरला. विठ्ठल यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माझे क्रीडा-जीवन या मराठी आत्मचरित्रात हा काळ मांडून ठेवला, म्हणून तो आज माहीत आहे.

जालन्याच्या मैदानावर सराव करणाऱ्या मुलाला आज जिल्हा संघ, मग महाराष्ट्राचा संघ आणि तिथून देशाचे कर्णधारपद अशी वाट दिसते. बाळूंच्या काळात जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि गरीब घरातील मुलासाठी अशी वाटच नव्हती. पुढच्या हंगामात कर्णधार बदलला की पुन्हा वाद होतील, आणि ते व्हायलाच हवेत. वाद घालताना निवडीचा निकष काय होता, हा प्रश्न आधी विचारायला हवा. १९२० मध्ये विठ्ठल आणि शिवराम यांनी नेमका तोच विचारला होता.