ग्रेस हॉपर यांची हकिकत

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा संगणकाविषयी मी काय लिहिणार, असे तुम्हांला वाटेल. पण परवा माझी मुलगी एका चुकीपायी रात्रभर जागली. तिने लिहिलेल्या आज्ञा बरोबर होत्या. त्या यंत्राच्या भाषेत उतरविणाऱ्या कंपायलरने काम आटोपशीर करण्याच्या नादात एकाच नावाचे दोन आकडे एकच धरले होते. आपल्या घरचा बाळू नि शेजारचा बाळू एकच समजावा, तसेच हे! हे काम मुलींचे नव्हेच, असे मी रागाने बोलून गेले. तेव्हा तिने मला ग्रेसबाईंची हकिकत सांगितली.

त्यांचा जन्म १९०६ साली न्यूयॉर्क शहरी झाला. लहानपणी त्यांनी घरातली सात गजराची घड्याळे खोलून ठेवली. आईने त्यांना यापुढे एकच घड्याळ खोलण्याची मुभा दिली. १९३४ साली येल विद्यापीठात त्या गणिताच्या डॉक्टर झाल्या; व्हासर कॉलेजात तर त्या त्याआधीपासूनच शिकवीत होत्या. महायुद्धात, वजन कमी भरत असतानाही, त्या नौदलात शिरल्या व १९४४ साली हार्वर्डच्या मार्क वन यंत्रावर रुजू झाल्या.

आपण पाककृती उतरवून घेतो, तसे तेथील मंडळी हिशेबांचे तयार तुकडे एकमेकांच्या वह्यांतून उतरवून घेत. पुढच्या यंत्रांवर तर प्रत्येक तुकड्यातील जागांचे क्रमांक शून्यापासून मोजलेले असत. नव्या कामात तो तुकडा घालताना प्रत्येक क्रमांकात बेरीज करावी लागे. एक बेरीज चुकली की एकाच्या जागी दुसराच आकडा! हे कंटाळवाणे काम यंत्रानेच करावे, असे बाईंच्या मनाने घेतले. १९५२ साली त्यांनी ए-झिरो हा कंपायलर तयार केला. यंत्राला अंकगणितापलीकडे काही येत नाही, असे म्हणून लोकांनी आधी विश्वासच ठेवला नाही. पुढे त्यांनी इंग्रजी शब्दांनी आज्ञा देण्याची फ्लो-मॅटिक भाषा केली. १९५९ साली योजलेल्या कोबोल भाषेला तिचाच मोठा आधार मिळाला.

१९८६ साली, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्या रिअर अ‍ॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

माणसाची चूक टळावी म्हणून केलेले साधनही कधी चुकते. मग ती चूक शोधायला पुन्हा माणूसच लागतो. माझ्या लेकीला ती पहाटे सापडली. मी चहा ठेवला आणि माझे ते रागाचे शब्द मागे घेतले.