मसीहुल्मुल्क हकीम अजमल खान (रह.) : आरोग्याच्या अमानतीचा राखणदार





आपले शरीर आपल्या मालकीचे नाही, ती अल्लाहने आपल्या हाती सोपवलेली अमानत आहे, हे आपण मकतबच्या दिवसांपासून ऐकत आलो आहोत. अमानत म्हटली की हिशेब आलाच. आयुष्य कशात घालवले, संपत्ती कोठून मिळवली आणि कोठे खर्चली, हे ज्या दिवशी विचारले जाईल, त्याच दिवशी हे शरीर कशासाठी झिजवले हेही विचारले जाईल, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. असे असूनही आपल्या घरांतील चित्र काय आहे? मधुमेह आणि रक्तदाब दस्तरख्वानावरच्या पाहुण्यांसारखे कायमचे येऊन बसले आहेत. कोणी सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेतो, पण रात्री अकराचे जेवण आणि एक वाजताची झोप सोडत नाही. दुसरा कोणी डॉक्टरांनी दिलेले औषध परस्पर बंद करतो आणि बाजारातून आणलेल्या पुडीवर धार्मिक नाव पाहून निश्चिंत होतो. दोन्ही वाटा अमानतीत खयानत करण्याच्याच आहेत.

या दोन टोकांच्या मधली वाट एका थोर माणसाने आपल्या हयातीत आखून दिली. त्यांचे नाव हकीम अजमल खान. त्यांचे जीवन आज आपण जाणून घेऊ या.

तिब्बचे घराणे

हकीम साहेबांचा जन्म ११ फेब्रुवारी १८६८ रोजी दिल्लीत झाला. त्यांचे पूर्वज हकीम शरीफ खान हे मोगल बादशाह शाह आलम यांच्या काळातील नामवंत वैद्य होते आणि त्यांच्याच नावावरून हे घराणे शरीफी म्हणून ओळखले जाऊ लागले. बल्लीमारान मोहल्ल्यातील त्यांची हवेली शरीफ मंझिल हे रुग्णांचे मोठे आश्रयस्थान होते. वडील हकीम गुलाम महमूद खान आणि थोरले बंधू हकीम अब्दुल मजीद खान व हकीम वासिल खान, सारेच तिब्बचे जाणकार.

लहान वयातच अजमल खान यांनी कुरआन मुखोद्गत केले. अरबी, फारसी, तर्कशास्त्र यांचे अध्ययन करून ते तिब्बकडे वळले आणि ती विद्या घरातच, वडिलांच्या व बंधूंच्या पायाशी बसून शिकले. पुढे ते ‘शैदा’ या टोपणनावाने उर्दू व फारसीत काव्यही करीत. १८९२ साली रामपूरच्या नवाबांनी त्यांना आपले प्रमुख हकीम म्हणून बोलावले. तेथे सुमारे दहा वर्षे त्यांनी सेवा केली आणि दरबाराच्या समृद्ध ग्रंथालयातील हस्तलिखितांचा सखोल अभ्यास केला. दोन्ही बंधू अल्लाहच्या दरबारी रुजू झाल्यावर घराण्याची आणि थोरल्या बंधूंनी काढलेल्या मदरसा तिब्बियाची धुरा त्यांच्या खांद्यावर आली.

नाडीपरीक्षेत त्यांचा हातखंडा होता. दिल्लीत आपल्या दारी येणाऱ्या रुग्णाकडून शुल्क घ्यायचे नाही, ही घराण्याची रीत त्यांनी अखेरपर्यंत पाळली. संस्थानिक मात्र त्यांना बाहेरगावी बोलावीत, तेव्हा दिवसाला हजार रुपये मोजीत. श्रीमंतांकडून आलेला हा पैसा गोरगरिबांच्या आणि विद्येच्या कामी लागत असे.

तिब्ब काय शिकवते?

ज्या विद्येला त्यांनी आयुष्य वाहिले, तिचा गाभा समजून घेतल्याविना त्यांचे मोठेपण कळणार नाही. युनानी तिब्बचे मूळ ग्रीक वैद्यांकडे जाते. अल्-राझी, इब्न सीना यांसारख्या मुस्लिम विद्वानांनी तिचा विस्तार केला आणि भारतात आल्यावर येथील वनौषधींनी ती अधिक संपन्न झाली.

या विद्येनुसार प्रत्येक माणसाचा स्वतःचा एक मिजाज असतो. एकाला जे मानवते, ते दुसऱ्याला मानवेलच असे नाही. शरीरात अल्लाहने एक अंगभूत शक्ती ठेवली आहे, तिला तबियत म्हणतात. रोगाशी खरी झुंज तीच देते, हकीम केवळ तिचा मदतनीस असतो. म्हणून उपचाराच्या आधी आरोग्यरक्षणाचा विचार येतो आणि त्यासाठी सहा गोष्टी अपरिहार्य मानल्या जातात : हवा, अन्न व पाणी, शरीराची हालचाल व विश्रांती, मनाची हालचाल व विश्रांती, झोप व जागरण, आणि शरीराला हवे ते धरून ठेवणे व नको ते बाहेर टाकणे. या सहांचा तोल बिघडला की आजार येतो, तो सावरला की बहुतेक वेळा तबियत आपले काम स्वतः करते.

उपचाराचाही क्रम आहे. आधी आहारात बदल. त्यासोबत मालिश, हम्माम, व्यायाम, हिजामा यांसारख्या तदबीरी. मग औषध, आणि गरज पडेल तेथे शस्त्रक्रिया. आता आपल्या दीनकडे पाहा. खा, प्या, पण अतिरेक करू नका, हा कुरआनचा आदेश, पोटाचा काही भाग श्वासासाठी मोकळा ठेवावा, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण, पाच वेळची वुजू, मिस्वाक, पहाटेचे उठणे, रोजे. तिब्बच्या सहा गोष्टींपैकी कितीतरी गोष्टी एका मोमिनच्या दिनचर्येत सहज येऊन जातात. आपण ही दिनचर्या पाळतो का, एवढाच प्रश्न उरतो.

परंपरेवर प्रेम, पण डोळे उघडे

हकीम साहेबांच्या काळी इंग्रजी राजवटीत युनानी आणि आयुर्वेद या दोन्ही विद्या उपेक्षेच्या छायेत होत्या. आपल्या मुंबई प्रांतात १९१२ साली वैद्यक व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा झाला आणि नोंदणीचा मान केवळ पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्यांना मिळाला. या धोरणाची चाहूल लागताच हकीम साहेबांनी देशभरातील वैद्यांना व हकिमांना एकत्र आणले. १९१० साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय वैदिक व युनानी तिब्बी परिषदेच्या व्यासपीठावर दोन्ही विद्यांचे लोक खांद्याला खांदा लावून बसले. देशातील दोन समाजांत अंतर वाढत असताना त्यांनी रुग्णसेवेच्या निमित्ताने त्यांना जवळ आणले, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु केवळ सरकारला दोष देऊन ते थांबले नाहीत. आपल्या विद्येतील उणिवाही त्यांनी ओळखल्या. पिढीजात नुस्खे लपवून ठेवण्याची वृत्ती, औषधांतील भेसळ, शरीररचनेच्या ज्ञानाकडे झालेले दुर्लक्ष या गोष्टी त्यांना खुपत होत्या. शुद्ध औषधे मिळावीत म्हणून त्यांनी दिल्लीत हिंदुस्तानी दवाखाना काढला आणि त्याचे उत्पन्न शिक्षणाकडे वळवले. १९०९ साली स्त्रियांसाठी स्वतंत्र तिब्बी मदरसा सुरू केला. पडद्यातील स्त्रियांना प्रसूतीच्या वेळी शिकलेल्या हातांची मदत मिळावी, हा त्यामागचा हेतू होता. भगिनींनो, मुलींच्या वैद्यकीय शिक्षणाविषयी आजही आपल्या काही घरांत कुरकुर चालते, तेव्हा हे वर्ष आठवावे.

१९११ साली ते युरोपला गेले. लंडन, पॅरिस, बर्लिन येथील रुग्णालये आणि वैद्यकीय संस्था त्यांनी जिज्ञासेने पाहिल्या. लंडनमध्ये त्यांची गाठ डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांच्याशी पडली. अन्सारी पाश्चात्त्य शल्यविद्येत निष्णात, तर अजमल खान युनानीचे आधारस्तंभ. तरी त्यांची मैत्री आयुष्यभर टिकली. दोघांनाही ठाऊक होते की शिफा अल्लाहच्या हाती आहे आणि ज्ञान कोणा एका देशाची जहागीर नाही.

या प्रवासानंतर त्यांच्या मनातील महाविद्यालयाने आकार घेतला. २९ मार्च १९१६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांच्या हस्ते दिल्लीतील करोल बागेत आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया कॉलेजची पायाभरणी झाली आणि १३ फेब्रुवारी १९२१ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. युनानी व आयुर्वेद यांसोबत शरीरशास्त्र व शल्यविद्येचेही पाठ तेथे दिले जाऊ लागले. त्या दिवशी गांधीजींनी केवळ स्तुती केली नाही. रोग बरे करण्यापेक्षा स्वच्छतेने ते टाळणे अधिक थोर आहे, असे त्यांनी सांगितले. आधुनिक शास्त्रज्ञांच्या संशोधनवृत्तीचा गौरव केला आणि वैद्य-हकीम ती वृत्ती गमावून बसल्याची खंतही व्यक्त केली. यजमानाला हे शब्द परके नव्हते. ती उणीव भरून काढण्यासाठीच तर त्यांनी ही संस्था उभी केली होती.

पदवी परत, जामिया हाती

इंग्रज सरकारने त्यांना हाझिकुल्मुल्क ही पदवी दिली होती. खिलाफत व असहकाराच्या चळवळीत, १९२० साली, त्यांनी ती परत केली. लोकांनी मात्र त्यांना मसीहुल्मुल्क म्हटले आणि हेच नाव इतिहासात राहिले. १९२१ साली नियोजित अध्यक्ष चित्तरंजन दास तुरुंगात असल्याने काँग्रेसच्या अहमदाबाद अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले.

१९२० साली अलीगढमध्ये जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली, तेव्हा तिचे पहिले कुलपती हकीम साहेबच होते. खिलाफत चळवळ ओसरल्यावर या संस्थेचा आर्थिक आधार तुटला आणि ती बंद करावी, अशी भाषा सुरू झाली. १९२५ साली जामिया दिल्लीच्या करोल बागेत आणली गेली आणि तिच्या खर्चाचा मोठा भार हकीम साहेबांनी स्वतः उचलला.

वाचकहो, येथे या जीवनकथेतील सर्वांत हृदयस्पर्शी भाग येतो. शरीराची व मनाची विश्रांती ही ज्या विद्येची शिकवण, तिच्या या महान आचार्याला स्वतःला विश्रांती लाभली नाही. हृदयविकाराने त्यांना ग्रासले होते. तरी रुग्ण, दोन संस्था, देशाचे राजकारण आणि दिवसेंदिवस चिघळणारे हिंदू-मुस्लिम तंटे यांचे ओझे त्यांनी खाली ठेवले नाही. २९ डिसेंबर १९२७ रोजी रामपूर येथे त्यांचे निधन झाले. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

त्यांनी रुजवलेली संशोधनाची वृत्ती मात्र मागे राहिली. तिब्बिया कॉलेजातील रसायनशास्त्रज्ञ डॉ. सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी १९३१ साली सर्पगंधेच्या मुळापासून एक द्रव्य वेगळे केले आणि हकीम साहेबांच्या स्मरणार्थ त्याला अजमलीन हे नाव दिले. हे द्रव्य पुढे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याच्या विकारांत उपयोगी ठरले. हृदयविकाराने गेलेल्या हकिमाचे नाव हृदयाच्याच औषधाला लाभावे, यात अल्लाहची हिकमत पाहावी. आज त्यांचा जन्मदिवस, ११ फेब्रुवारी, युनानी दिवस म्हणून पाळला जातो.

आपल्यासाठी बोध

या जीवनातून आपण काय घ्यावे? पहिली गोष्ट ही की, उपचार करणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, हाच आपल्या प्रेषितांचा (स.) मार्ग आहे. दुसरी गोष्ट, नैसर्गिक उपचार म्हणजे मनमानी नव्हे. हिजामा करायचा तर शिकलेल्या हातांनी व स्वच्छ साधनांनीच करावा. औषध घ्यायचे तर नोंदणीकृत हकीम किंवा डॉक्टर यांना विचारूनच घ्यावे. चालू असलेले औषध आपल्या मनाने बंद करणे, हे हकीम अजमल खान यांच्या विद्येतही बसत नाही. तिसरी गोष्ट, आरोग्याची सुरुवात दवाखान्यात नव्हे, घरात होते. इशानंतर लवकर झोपणे, फज्रनंतर पुन्हा अंथरुणात न शिरता थोडे चालणे, रमजानच्या रात्री तळणाच्या ताटांनी न भरणे आणि दावतीत दुसऱ्यांदा वाढून घेण्यापूर्वी क्षणभर थांबणे, या गोष्टींना पैसा लागत नाही, निर्धार लागतो.

आणि चौथी गोष्ट त्यांच्या अखेरच्या वर्षांतून शिकावी. इतरांची सेवा करताना स्वतःच्या शरीराचा हक्क विसरू नये. घरातील जी माता सर्वांना औषध देते आणि स्वतःचे दुखणे लपवते, जो पिता कुटुंबासाठी रात्रंदिवस राबतो आणि छातीतील कळ कोणाला सांगत नाही, त्यांच्याकडे आजच लक्ष द्या. त्यांना तपासणीसाठी घेऊन जा. हीही सेवा आहे, हीही इबादत आहे.

अल्लाह हकीम अजमल खान यांची मगफिरत करो, त्यांचे दर्जे बुलंद करो आणि आपल्याला ही अमानत नीट सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.