फादर थॉमस स्टीफन्स

आमच्या नायगांवाजवळच वसईचा किल्ला आहे. १५३४ पासून १७३९ पर्यंत हा प्रांत पोर्तुगीजांच्या अमलाखालीं होता, व त्या काळच्या चर्चेसचे भग्नावशेष तेथें अजून उभे आहेत. ते पाहून त्या काळच्या एका सत्पुरुषाचें चरित्र वाचकांस सादर करावें, असें आम्हांस वाटलें.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडांत विल्टशायर परगण्यांत झाला. त्या देशीं तेव्हां कॅथलिक धर्म पाळणें धोक्याचें होतें. ते रोमला गेले व १५७५ सालीं जेजुइट संघांत दाखल झाले. २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं ते गोव्यास पोंचले. पुढील चाळीस वर्षें, बहुतांशीं साष्टी प्रांतांत, त्यांनीं सेवेंत घालविलीं.

साष्टींत देवळें पाडलीं गेल्यामुळें लोक संतप्त होते. जुलै १५८३ मध्यें कुंकळ्ळी येथें फादर रुदोल्फ अक्वाविवा व त्यांचे चार जेजुइट सोबती मारले गेले. पुढें सरकारनें तेथील गांवकऱ्यांच्या पुढाऱ्यांस बोलणीं करण्याच्या मिषानें असोळणें येथें बोलावून ठार केलें. हें आम्हां ख्रिस्ती लोकांनीं लपवूं नये.

सोबत्यांस मूठमाती देणाऱ्या स्टीफन्स यांनीं मात्र लोकभाषेचा मार्ग धरला. येथील भाषांची घडण लॅटिन व ग्रीक यांच्याशीं जुळते, हें त्याच वर्षीं त्यांनीं भावास कळविलें. युरोपीय पंडितांस ही गोष्ट उमगण्यास आणखी दोनशें वर्षें लागलीं. नवख्रिस्ती लोकांचीं पुराणें सुटलीं होतीं, पण कानांस ओवीची गोडी होती. हें जाणून त्यांनीं बायबलांतील कथा सुमारें ११,००० ओव्यांत गुंफिल्या. त्यांचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं राशोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. १६१९ सालीं ते गोव्यांतच वारले. त्यांचें कोंकणी व्याकरण १६४० मध्यें प्रसिद्ध झालें.

१६८४ मध्यें गोवा सरकारनें लोकभाषेवर बंदी घातली. पहिल्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. परंतु मंगळूरकडील ख्रिस्ती कुटुंबांनीं तें पुराण जपलें, व १९०७ मध्यें तेथेंच तें पुन्हां छापलें गेलें. बंदीचा हुकूम इतिहासजमा झाला. ओव्या मात्र राहिल्या.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या जिल्ह्यांत वारली, कातकरी व मल्हार कोळी बंधूंचे पाडे आहेत. तेथें सेवेस जाऊं इच्छिणाऱ्यानें प्रथम शिकविण्यास नव्हे, त्यांची बोली शिकण्यास बसावें; या चरित्रापासून आम्ही हाच बोध घेतों.