डॉ. कोटणीस : परकी भाषा आपलीशी करणारा सोलापूरकर



इंग्रजी ब्रिटिश उच्चारांत शिकवायचं की अमेरिकन, हा प्रश्न पालकसभेत तुम्हालाही कधीतरी विचारला गेला असेल. त्यामागे एक भीती असते. पोराच्या बोलण्यात सोलापुरी हेल आहे, उद्या पुण्या-मुंबईत लोक हसले तर? याच भीतीपायी उत्तर येत असूनही तोंड न उघडणारी मुलं आपल्या वर्गांत बसलेली असतात. त्यांना सांगता येईल अशी एक गोष्ट आपल्याच गावात आहे.

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूरला झाला. मराठीच्या जोडीला कन्नड, तेलुगू, उर्दू कानावर पडणारं हे आपलं गिरणगाव. पुढे मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकून ते डॉक्टर झाले. १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केलं. चीनने मदत मागितली आणि काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी आणि आपले कोटणीस. सप्टेंबर १९३८ मध्ये ते बोटीने निघाले, तेव्हा त्यांना अठ्ठाविसावं वर्ष चालू होतं.

आता विचार करा, जखमी माणूस समोर आहे आणि त्याची भाषा कळत नाही. कुठे दुखतंय, कधीपासून दुखतंय, हे विचारायचं कसं? सुरुवातीला दुभाष्याशिवाय इलाज नव्हता. त्यात चिनी भाषेत सुरावर अर्थ ठरतो. ‘येन’सारखा एकच उच्चार एका सुरात धूर, दुसऱ्या सुरात मीठ आणि तिसऱ्या सुरात डोळा. डॉक्टरने सूर चुकवून कसं चालेल? शिवाय गावागावांतल्या बोली वेगळ्या. शान्शी, हपे या भागांतलं खेडूत बोलणं पेकिंगसारखं नव्हतं, जसं सोलापूरचं बोलणं पुण्यासारखं नाही.

पण बघा, मराठी माणसाच्या पदरी काही भांडवल आधीच असतं. चिनीत प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांत जो फरक आहे, तो श्वासाच्या जोराचा. हा फरक आपण ‘पळ’ आणि ‘फळ’ म्हणताना रोज करतो. ‘चमचा’तला च आणि ‘चार’मधला च वेगळे, हे तर आपल्याला न शिकवताच येतं. त्याला जवळचे आवाज चिनीतही आहेत. नवी भाषा शिकताना मातृभाषा अशी कामाला येते.

पथकातले इतर काही डॉक्टर परतले. कोटणीस थांबले. युद्धाच्या धामधुमीत, ऑपरेशनं करता करता ते चिनी बोलायला आणि लिहायलाही शिकले. इतके, की वैद्यकीय विद्यार्थ्यांना ते चिनीतूनच शिकवू लागले. १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. त्याच वर्षी तिथल्या परिचारिका ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांचं लग्न झालं. लोकांनी त्यांचं नावही आपल्या जिभेला जमेल तसं करून घेतलं, ‘ख तीह्वा’. कोटणीसमधला ‘क’ तिथे ‘ख’ झाला, म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही. नावातल्या ‘ह्वा’चा अर्थ चीन. मुलाचं नाव ठेवलं ‘यिनह्वा’, म्हणजे भारत आणि चीन.

मुलगा काही महिन्यांचा असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी डॉक्टर गेले. वय अवघं बत्तीस. शस्त्रक्रियेवरचं त्यांचं पाठ्यपुस्तक लिहिणं तेव्हा चालूच होतं. चीनमध्ये आजही त्यांची आठवण काढतात. सोलापुरात भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे. मुलांना एकदा घेऊन जा.

आता आपल्या वर्गाकडे येऊ. डॉक्टरांना सूर सांभाळावा लागला, कारण तो चुकला की अर्थ बदलतो. इंग्रजीतही अशा जागा आहेत. ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम आणि ‘व्हेस्ट’ म्हणजे बनियन. ‘डेझर्ट’मध्ये जोर आधी दिला तर वाळवंट, आणि ‘डिझर्ट’ म्हणत नंतर दिला तर जेवणानंतरचा गोड पदार्थ. असे फरक घटवून घ्याच. खालच्या ओठाला दात लागतात की नाही, हे आरशात बघायला लावा, मुलांना मजा येते.

बाकी हेलाचं काय? लंडनचा माणूस ‘कार’मधला शेवटचा र गिळतो, अमेरिकन आणि स्कॉटिश माणूस तो म्हणतो. अमेरिकनाचा ‘वॉटर’ तर ‘वॉडर’सारखा ऐकू येतो. तरी ते एकमेकांशी बोलतातच. म्हणून निरनिराळे उच्चार मुलांच्या कानावर पडू द्या, म्हणजे पुढे कुणाचंही बोलणं ऐकून ती गांगरणार नाहीत. बोलताना मात्र एकच कसोटी लावा : समोरच्याला कळलं का? कळलं असेल तर हेल सोलापुरी असला म्हणून मध्येच टोकू नका. पोराला वाक्य पुरं करू द्या.